आगीचा बंब आणि त्याची चालकशक्ती



आगीच्या गाडीला आपण बंब म्हणतो. हा शब्द पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आला; त्यांच्या भाषेत 'बोंबा' म्हणजे पंप. आपण मात्र या एका शब्दाला दोन ठिकाणी कामाला लावले. एक बंब न्हाणीघरात पाणी तापवीत बसला आणि दुसरा घंटा वाजवीत रस्त्याने धावू लागला. एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेत असे एक यंत्र होते की त्यात या दोन्ही बंबांची गाठ पडली होती. पोटात विस्तव, त्याच्या आंचेने उकळणारे पाणी, वर धुराडे, आणि हे सारे चाकांवर बसवून घोड्यांनी आगीकडे ओढीत न्यायचे. त्या वाफेच्या बंबापासून, आज ज्यांना हायब्रिड म्हणतात त्या विजेवर व डिझेलवर मिळून चालणाऱ्या संमिश्र बंबांपर्यंतची हकीकत मला सांगावयाची आहे.

बंबाचे काम इतर वाहनांसारखे नसते, हे आधी ध्यानात घेतले पाहिजे. मालमोटार चालते तेव्हाच तिचा उपयोग. बंब दिवसाचे बहुतेक तास ठाण्यात निमूट उभा असतो. मग घंटा होते आणि पाच-दहा मिनिटे त्याला जीव खाऊन धावावे लागते. आगीपाशी पोचला की पुन्हा उभाच. पण आता पाणी फेकीत, कधी अर्धा तास, कधी रात्रभर. वाट पाहणे, धावणे आणि उभ्याने राबणे, अशी ही तीन कामे आहेत. जी शक्ती एका कामाला चांगली, ती दुसऱ्या कामाला लंगडी पडते. बंबाचा दोनशे वर्षांचा इतिहास या एका अडचणीभोवती फिरत आला आहे, असे माझे मत आहे.

आरंभी माणसाचेच बळ होते. आम्सटरडॅमच्या यान व्हान डर हेडन या चित्रकाराने १६७२ मध्ये कातड्याच्या नळाने पाणी आगीच्या मुळापर्यंत नेण्याची युक्ती काढली, तेव्हापासून पंपाला अर्थ आला. पण पंप हलवायचे ते हातांनी. लंडनमध्ये पंपाच्या दांड्यांवर रस्त्यावरच्याच माणसांना उभे करीत आणि मोबदल्यात पैसे व बिअर देत. बिअर यायला उशीर झाला की दांडे मंदावत आणि बिअरचा पुकारा सुरू होई.

१८२९ साली जॉन ब्रेथवेट आणि जॉन एरिकसन यांनी लंडनमध्ये वाफेचा पहिला बंब बांधला. याच जोडीने त्याच वर्षी 'नॉव्हेल्टी' नावाचे आगगाडीचे एंजिन रेनहिलच्या शर्यतीत उतरवले होते आणि स्टीफन्सनच्या 'रॉकेट'पुढे ते हरले होते. त्यांच्या बंबाचे नशीब मात्र हरूनही नव्हे, जिंकून फुटले. १८३० च्या कडक थंडीत आर्गाइल रूम्स या नाट्यगृहाला आग लागली. हातपंपांतील पाणी गोठून ते बंद पडले. वाफेचा बंब पाच तास पाणी फेकीत राहिला. तरीही लंडनच्या अग्निशामक संस्थेने वाफेला दारात उभे करायला आणखी तीस वर्षे घेतली. अमेरिकेत सिनसिनाटी शहराने मात्र १८५३ मध्ये वाफेचा बंब घेतला आणि त्याबरोबरच पगारी अग्निशामक दल उभारले. पंपावर तीस-चाळीस हौशी गडी लागेनासे झाले, तेव्हा थोड्या कसलेल्या माणसांना पगार देणे शक्य झाले.

वाफ उभ्याने राबण्याच्या कामाला उत्तम. कोळसा घालीत राहा, ती रात्रभर पंप चालवील. पण तिचा दोष न्हाणीघरातला बंब पेटवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे: पाणी तापायला वेळ लागतो. म्हणून ठाण्यात एक लहान बॉयलर सदैव पेटता ठेवीत आणि त्यातले ऊन पाणी नळीने बंबाच्या पोटात फिरवीत. घंटा झाली की नळी सोडायची, चुलीत आधीच रचलेली लाकडे पेटवायची आणि धुराचा लोट मागे सोडीत निघायचे. पोचेपर्यंत वाफ तयार होई.

धावण्याचे काम घोड्यांचे होते. सामान छताला टांगलेले असे. घंटेसरशी घोडे आपण होऊन दांडीखाली येऊन उभे राहात आणि सामान वरून त्यांच्या पाठीवर उतरे. ही व्यवस्था किती नाजूक होती ते १८७२ मध्ये बॉस्टनला कळले. त्या शरद ऋतूत अमेरिकेभर घोड्यांची साथ पसरली होती. ९ नोव्हेंबरच्या रात्री शहरात आग लागली, तेव्हा ठाण्यांतले घोडे आजारी होते आणि ते जडशीळ बंब माणसांनी दोर लावून ओढीत नेले. ७७६ इमारती जळाल्या. हा दोष सगळा घोड्यांच्या माथी मारता येणार नाही. अरुंद गल्ल्या, लाकडी छपरे आणि अपुरे जलनळ यांचाही त्यात वाटा होता. पण जनावराच्या तब्येतीवर शहराची सुरक्षितता टांगलेली असते, हे त्या रात्री दिसले.

विसाव्या शतकाच्या तोंडावर वीज आली, आणि इथे आपल्या विषयाची खरी गंमत सुरू होते. विजेवर चालणारे बंब ही आजची टूम आहे असे आपण समजतो. जर्मनीतील हॅनोव्हर शहराने १९०१-०२ मध्येच घोड्यांना रजा देऊन यांत्रिक बंबांचा ताफा उभा केला होता. त्यात दोन गाड्या बॅटरीवर धावत आणि तिसरा, मोठ्या पंपाचा बंब, वाफेवर. ही वाटणी पाहण्यासारखी आहे. बॅटरीची गाडी ठाण्यात आठवडाभर उभी राहिली तरी तिला दाणा लागत नाही, कळ फिरवताच ती निघते. म्हणून वाट पाहणे आणि धावणे विजेकडे. तासन् तास पंप चालवणे शिशाच्या बॅटरीला झेपणारे नव्हते; ते वाफेकडे. दोन शक्ती एकमेकींना पुरवून घेत होत्या, फक्त निरनिराळ्या गाड्यांत बसून.

त्याच सुमारास त्या दोघींना एकाच गाडीत बसवण्याचे काम व्हिएन्नात चालू होते. याकोब लोनर या गाड्या बांधणाऱ्या कंपनीच्या पदरी फर्डिनांड पोर्श नावाचा ऐन पंचविशीतला तरुण होता. त्याने चाकाच्या तुंब्यातच विजेची मोटर बसवली आणि १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात ती गाडी लोकांनी पाहिली. बॅटरीचे वजन चारशे किलोंच्या वर, म्हणून त्याने पुढची पायरी घेतली: लहान पेट्रोल एंजिनाने जनित्र फिरवायचे, जनित्राने वीज करायची आणि त्या विजेने चाकातल्या मोटरी चालवायच्या. एंजिन आणि चाक यांच्यामध्ये ना साखळी ना दंतचक्रे, नुसत्या तारा. या गाडीला त्याने 'सेम्पर व्हिव्हस', म्हणजे सदाजिवंत, असे लॅटिन नाव दिले, आणि पुढे ही रीत 'मिक्स्ट', म्हणजे मिश्र, या नावाने ओळखली गेली. व्हिएन्नाच्या अग्निशामक दलानेही पोर्शच्या पद्धतीच्या गाड्या घेतल्या.

मग ही कल्पना विझली का? तिला मागे सारले ते एका साध्या सोयीने. १९०४ मध्ये मेरीवेदर कंपनीने लंडनजवळच्या फिंचलीला एक बंब दिला. त्याचे पेट्रोल एंजिन रस्त्यावर चाके फिरवी आणि आगीपाशी पोचल्यावर तेच एंजिन पंप फिरवी. एक यंत्र, दोन कामे. पुढे १९१२ पासून मोटारींना विजेचा स्टार्टर मिळाला, हँडल मारण्याची कटकट संपली आणि वाट पाहण्याच्या कामातही पेट्रोल एंजिन विजेच्या जवळपास आले. त्यानंतर डिझेल आले आणि शतकभर बंब म्हणजे फिंचलीचाच वंशज राहिला. त्याची किंमतही मोजावी लागली. आगीपाशी दोन दिवे आणि बिनतारी यंत्र चालवायचे असले तरी दोनशे-तीनशे घोड्यांचे एंजिन घरघरत ठेवावे लागे.

आता थोडे गणित करू. फार कठीण नाही. मोठ्या बंबाचा पंप मिनिटाला २,००० लिटर पाणी वातावरणाच्या दहापट दाबाने फेकतो असे धरा. या कामाला सुमारे ३३ किलोवॅट शक्ती लागते. पंपात आणि मोटरीत जे वाया जाते ते धरले तर पन्नास-पंचावन्न. आपल्या घरच्या मीटरच्या भाषेत तासाला पन्नास-पंचावन्न युनिटे. १०० युनिटांची आधुनिक बॅटरी सहा-सातशे किलो भरते आणि ती या हिशेबाने दोन तासही पुरत नाही. तेवढेच काम डिझेल एंजिनाकडून करून घ्यायला साधारण ३० लिटर तेल, म्हणजे पंचवीस किलो वजन, पुरे होते.

दोन तास म्हणजे किती, हे मुंबईच्या एका दुपारवरून समजेल. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजाला आग लागली आणि अग्निशामक दलाने ९०० टनांहून अधिक पाणी त्याच्या पोटात ओतले. वर धरलेल्या पंपाने एकट्याने एवढे पाणी फेकायचे तर साडेसात तास लागतील. आग आटोक्यात आली नाही. चारनंतर स्फोट झाले आणि त्यात ६६ अग्निशामक गेले. आपल्या व्याख्यानमालेच्या दिवसांतच येणारा अग्निशमन सेवा दिन त्यांच्या स्मरणाचा आहे. अशा आगीपुढे केवळ बॅटरीचा बंब घेऊन जाणे मला तरी पटत नाही. आणि मोठी आग कोणती, हे घंटा होताना कोणालाच माहीत नसते.

मात्र दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. बंबाच्या खेपांपैकी बहुसंख्य खेपा लहान असतात: अपघात, अडकलेले लिफ्ट, कचऱ्याचा पेट, खोटी वर्दी. या खेपांना बॅटरी सहज पुरते. ऑस्ट्रियातील रोझेनबावर या १८६६ पासूनच्या कंपनीने हेच ओळखून संमिश्र बंब बांधला. फेब्रुवारी २०२१ मध्ये बर्लिनच्या दलाने तो प्रत्यक्ष वर्दीवर चाचणीसाठी उतरवला. चाके विजेवर, पंप विजेवर, आणि बॅटरी उतरू लागली की मोटारगाडीच्या मापाचे डिझेल एंजिन सुरू होऊन वीज पुरवते. पोर्शने 'सेम्पर व्हिव्हस'मध्ये केले ते याहून तत्त्वतः वेगळे नव्हते. ज्या आम्सटरडॅमात नळाचा जन्म झाला, तेही या चाचणीतले एक भागीदार शहर होते.

त्याच वर्षी अमेरिकेतील मॅडिसन शहरात पिअर्स कंपनीचा बंब सेवेत आला. त्याची मांडणी निराळी आहे. तेथे बॅटरी आणि डिझेल एंजिन दोघांनाही एकाच संचरण-यंत्राशी जोडले आहे. लागेल तेव्हा एंजिन वीज न करता थेट पंपाला जुंपता येते. पहिल्या रीतीत गाडीची रचना मोकळी होते. दुसरीत शक्तीची हानी कमी आणि वीज बिघडली तरी पाणी चालू राहण्याची आशा जास्त. मला विचाराल तर लांब अंतराच्या, गोदामे-गिरण्यांच्या गावाला दुसरी रीत बरी, आणि दाट वस्तीच्या शहराला पहिली. किंमत दोन्हींची साध्या बंबापेक्षा पुष्कळच जास्त आहे.

या खर्चाच्या बाजूने बोलणारी एक गोष्ट बंबाच्या नव्हे, माणसांच्या छातीतली आहे. ठाण्यात बंब सुरू झाला की धूर तेथेच कोंडतो. आगीपाशी पंप चालवणारा माणूस तासन् तास एंजिनाशेजारी उभा असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलचा धूर २०१२ मध्ये निश्चित कर्करोगकारक ठरवला आणि २०२२ मध्ये अग्निशामकाच्या व्यवसायालाच त्या यादीत घातले. जळत्या घराचा धूर कोणालाही चुकवता येत नाही. स्वतःच्याच गाडीचा चुकवता येतो. शिवाय आवाज. एंजिनाच्या गर्जनेत वरच्या मजल्यावरून मारलेली हाक ऐकू येत नाही. संमिश्र बंबापाशी लहान कामे तरी शांततेत होतात, आणि छत कडाडले तर ते खाली कळते.

ठाण्यात परतल्यावर या बंबाला विजेची तार जोडतात आणि पुढच्या घंटेला ती सोडून निघतात. दीडशे वर्षांपूर्वी त्याच जागी, वाफेच्या बंबाला, ऊन पाण्याची नळी जोडलेली असे.