रासायनिक अभिक्रियांतील ऊर्जाबदल

रासायनिक अभिक्रियेत एका पदार्थाचा दुसरा पदार्थ होताना ऊर्जा बाहेर पडते किंवा आत घेतली जाते. या देवघेवीला अभिक्रियेतील ऊर्जाबदल म्हणतात. ही ऊर्जा बहुधा उष्णतेच्या रूपात जाणवते. काजव्यात ती प्रकाश होऊन येते, तर बॅटरीत वीज होऊन. उष्णता बाहेर टाकणारी अभिक्रिया उष्मादायी आणि शोषून घेणारी उष्माग्राही. स्थिर दाबाखाली झालेली उष्णतेची देवघेव एन्थाल्पी या राशीतील बदलाने मांडतात. हा बदल उष्मादायी अभिक्रियेत ऋण, उष्माग्राही अभिक्रियेत धन धरतात आणि तो किलोजूल प्रति मोल या एककात सांगतात.

ऊर्जाबदलाचे मूळ रासायनिक बंधांत आहे. बंध तोडायला ऊर्जा लागते आणि बंध जुळताना ऊर्जा बाहेर पडते. याला अपवाद नाही. हायड्रोजन आणि क्लोरीन यांच्यापासून हायड्रोजन क्लोराइड होताना हायड्रोजनचे एक मोल बंध तोडायला 436 आणि क्लोरीनचे तोडायला 242, असे एकूण 678 किलोजूल खर्च होतात. त्याच वेळी हायड्रोजन क्लोराइडचे दोन मोल बंध जुळून सुमारे 862 किलोजूल मिळतात. फरक सुमारे 184 किलोजूलचा, आणि तेवढीच उष्णता आपल्या हाती येते. बंधात ऊर्जा कोंडलेली असते व तो तुटला की मोकळी होते, हा समज विद्यार्थ्यांत फार खोल रुजलेला आहे. जीवशास्त्रात एटीपीच्या ‘ऊर्जासंपन्न बंधा’बद्दल जे सांगितले जाते, त्याने तो आणखी घट्ट होतो. तिथेही ऊर्जा बंध तुटल्यामुळे मिळत नाही, नंतर जुळणारे बंध आणि आयनांभोवती गोळा होणारे पाणी अधिक स्थिर असते म्हणून मिळते. या एका मुद्द्यावर गफलत राहिली, तर पुढचा सगळा विषय पाठांतराचा होऊन बसतो.

चुना : ऊर्जाबदलाचे सगळे पैलू एकाच ठिकाणी पाहायचे असतील, तर चुन्यासारखे दुसरे उदाहरण सापडणे कठीण. महाराष्ट्रातल्या अनेक गडांवर चुन्याच्या घाण्याचे गोल चर आणि दगडी चाके अजून दिसतात. कोकणात आणि गोव्यात शिंपले भाजूनही चुना करीत. चुनखडीचा दगड असो वा शिंपला, पदार्थ एकच : कॅल्शियम कार्बोनेट.

भट्टीत ते भाजले की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना, म्हणजे कॅल्शियम ऑक्साइड, उरतो. ही अभिक्रिया उष्माग्राही आहे. दर मोलला, म्हणजे 100 ग्रॅम शुद्ध चुनखडीला, तिला सुमारे 178 किलोजूल लागतात.

कळीवर पाणी घातले की आधी काही क्षण काहीच होत नाही. ढेकूळ नुसते पाणी पिते. मग त्याला तडा जातो, सूंऽ असा आवाज येतो, वाफेचे लोट निघतात आणि दगडासारखे ढेकूळ फुगत फुगत पांढऱ्या भुकटीत कोसळते. हा विरलेला चुना, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. इथे दर मोलला सुमारे 65 किलोजूल बाहेर पडतात. 1 किलो कळीमागे ही उष्णता 1,160 किलोजूलच्या आसपास जाते. ती सगळी पाण्यालाच मिळाली, तर साडेतीन लिटर पाणी 25 अंश सेल्सियसपासून उकळीला येईल. म्हणून चुना विरवताना डोळे सांभाळावे लागतात. आपोआप गरम होणाऱ्या जेवणाच्या काही डब्यांतही हीच अभिक्रिया वापरतात.

तिसरी पायरी भिंतीत घडते. विरलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो, पाणी सोडतो आणि पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट होतो. भिंतीतला चुना घट्ट होतो तो यामुळे. या पायरीत सुमारे 113 किलोजूल बाहेर पडतात.

65 आणि 113 मिळून 178. भट्टीने दगडाला उसनी दिलेली उष्णता दोन हप्त्यांत पुरती फिटते, कारण शेवटी हाती आलेला पदार्थ मूळचाच आहे. (हे आकडे 25 अंश सेल्सियसचे आहेत, तापमानानुसार ते थोडे बदलतात.)

हेसचा नियम : जिनीव्हात जन्मलेले आणि सेंट पीटर्सबर्गला संशोधन करणारे जर्मेन हेस यांनी 1840 मध्ये हाच हिशेब नियम म्हणून मांडला : अभिक्रिया एका टप्प्यात होवो वा अनेक, एकूण उष्णता आरंभीच्या व अखेरच्या पदार्थांवरच ठरते. सल्फ्युरिक आम्ल कमीअधिक पाण्यात मिसळून मग अमोनियाने उदासीन केले, तर दोन्ही पायऱ्यांच्या उष्णतेची बेरीज तीच येते, हे त्यांनी मोजून दाखवले. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा सर्वसाधारण नियम तेव्हा प्रस्थापित व्हायचा होता, हे लक्षात घेतले म्हणजे या मोजमापाची थोरवी कळते. प्रयोगशाळेत थेट मोजता न येणाऱ्या असंख्य अभिक्रियांची उष्णता आज याच नियमाने बेरीज-वजाबाकी करून काढतात.

त्याआधीचा पाया स्कॉटलंडचे जोसेफ ब्लॅक यांनी घातला. भट्टीतल्या अग्नीचा काही अंश दगडात शिरतो म्हणून कळी दाहक होते, अशी त्या काळी समजूत होती. ब्लॅक यांनी 1756 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत वजने करून दाखवले, की दगडात काही शिरत नाही, उलट त्यातून एक वायू निघून जातो. बर्फ वितळताना तापमान न वाढता शोषली जाणारी अप्रकट उष्णताही त्यांनीच ओळखली. 1782–83 च्या हिवाळ्यात लव्हाझिए आणि लाप्लास यांनी पॅरिसमध्ये बर्फाचा उष्णतामापक वापरला. अभिक्रियेच्या उष्णतेने किती बर्फ वितळला, हे पाण्याच्या वजनावरून ते ठरवीत.

उष्णता आणि वेग : चुन्याच्या तिसऱ्या पायरीत दुसरीपेक्षा जवळजवळ पावणेदोन पट उष्णता निघते, तरी गिलाव्याला हात लावला तर तो गरम लागत नाही. विरवण्याचे काम मिनिटांत आटोपते. भिंतीतला चुना मात्र महिनोन्‌महिने, जाड भिंतीत कित्येक वर्षे, हवेतला वायू घेत राहतो आणि उष्णता निघेल तशी विरून जाते. अभिक्रिया किती उष्णता देते यावरून ती किती वेगाने होईल हे कळत नाही. वेग ठरतो तो अडथळ्यावर. या अडथळ्याला सक्रियण ऊर्जा म्हणतात आणि तापमानाशी तिचे नाते स्वांटे अऱ्हेनियस यांनी 1889 मध्ये स्पष्ट केले. उत्प्रेरक हा अडथळा कमी असलेली वाट देतो. मिळणाऱ्या उष्णतेत मात्र तो काडीचाही फरक करीत नाही.

पदार्थाची घडणही वेगावर परिणाम करते. जादा भाजलेली कळी दाट होते, पाणी आत शिरू देत नाही आणि फार सावकाश विरते. असे न विरलेले कण गिलाव्यात राहिले, तर पुढे कधीतरी ओल लागून फुगतात आणि गिलाव्याचे पोपडे उडतात. चुना बरेच दिवस भिजवून मुरू देण्याची गवंड्यांची शिस्त यासाठीच आहे.

अभिक्रियेची दिशा : डेन्मार्कचे यूलिउस थॉमसन आणि फ्रान्सचे मार्सेलँ बर्थलो यांनी एकोणिसाव्या शतकात हजारो उष्णता मोजल्या. आपोआप होणारी अभिक्रिया उष्णता देणारीच असते, असे दोघांनीही मानले. मोजमापे टिकली, तत्त्व टिकले नाही. बेरियम हायड्रॉक्साइडचे स्फटिक आणि अमोनियम क्लोराइड एकत्र ढवळले, तर मिश्रण आपोआप शून्य अंशाच्या बरेच खाली जाते. फवारणीसाठी युरिया पाण्यात घातला की बादली गार लागते, हे शेतकऱ्याच्या रोजच्या अनुभवातले आहे; ते केवळ विरघळणे असले, तरी तत्त्व तेच. उष्णतेबरोबर एन्ट्रॉपी, म्हणजे ऊर्जा आणि कण किती प्रकारे पसरू शकतात याचे मापही विचारात घ्यावे लागते. तापमान वाढेल तसे त्याचे वजन वाढते. दोन्ही मिळून मुक्त ऊर्जा ठरते आणि तिच्यावर दिशा. चुनखडी सुमारे 900 अंश सेल्सियसला वायू सोडून देते आणि भिंतीत तोच वायू परत घेते, याचे कारण हेच. तापलेल्या भट्टीत मोकळ्या होणाऱ्या वायूच्या एन्ट्रॉपीची सरशी होते, गार भिंतीत बंधांच्या ऊर्जेची.

उपयोग आणि मर्यादा : शुद्ध चुनखडीपासून 1 टन कळी करायला सैद्धांतिकदृष्ट्या सुमारे 3.2 गिगाजूल लागतातच. चांगली भट्टी या आकड्याच्या जवळ जाते, खाली जाऊ शकत नाही. उलट दिशेने, विरलेला चुना तापवून त्यातले पाणी काढायचे आणि हवी तेव्हा कळीला पाणी देऊन उष्णता परत मिळवायची, अशा ऊर्जासाठवणीवर संशोधन चालू आहे. सिमेंट उद्योगाची अडचण अधिक अवघड आहे. चंद्रपूर-वणी पट्ट्यातल्या चुनखडीवर चालणारे कारखाने असोत की जगातले दुसरे कुठले, भट्टीतला कोळसा बदलून वीज किंवा दुसरे इंधन आणता येते. पण 1 टन कॅल्शियम ऑक्साइडमागे दगडातूनच निघणारा सुमारे 785 किलो कार्बन डायऑक्साइड इंधन बदलून टळत नाही. तो पकडून साठवायचा किंवा सिमेंटमधले चुनखडीचे प्रमाण घटवायचे, या दोन दिशांनी सध्या प्रयत्न होत आहेत.