दोन मिलिमीटरची फारकत

भारतातून मिक्सर घेऊन अमेरिकेत आलेल्या प्रत्येकाला पहिल्याच आठवड्यात एक धडा मिळतो. अडॅप्टर लावला की प्लग भिंतीत बसतो, पण २३० व्होल्टचा मिक्सर इथल्या १२० व्होल्टवर नुसता कण्हतो, चटणी काही वाटली जात नाही. प्लग बसणं वेगळं आणि वीज जुळणं वेगळं.

कॅमेऱ्याच्या लेन्सचंही असंच आहे. समजा, तुम्ही नवा फुल-फ्रेम मिररलेस कॅमेरा घेतलाय. खिसा बराच हलका झालाय आणि नव्या लेन्सच्या किमती बघून छातीत धडधडतंय. अशा वेळी आठवतं की पुण्याच्या घरी कपाटात बाबांच्या नाहीतर काकांच्या जुन्या कॅमेऱ्याची लेन्स पडून आहे. ती यावर चालेल का? या प्रश्नाचं उत्तर शोधायला थोडं इतिहासात जावं लागतं, कारण सगळा मामला काही मिलिमीटरचा आहे.

लेन्स जिथे कॅमेऱ्याला जोडली जाते त्या कड्याला माउंट म्हणतात. माउंटपासून फिल्मपर्यंतचं, किंवा आजच्या सेन्सरपर्यंतचं, अंतर प्रत्येक कंपनीनं ठरवून ठेवलेलं असतं. लेन्स त्या अंतरासाठीच बनवलेली असते. ती हवी त्यापेक्षा पुढे राहिली, तर समोरचं फूल स्पष्ट येईल, पण दूरचा डोंगर कधीच येणार नाही. म्हणून हिशेब साधा आहे: जुन्या कॅमेऱ्याच्या अंतरातून नव्याचं अंतर वजा करा. जे उरेल तेवढ्या जाडीचा अडॅप्टर हवा. वजाबाकी ऋण आली, तर नुसत्या कड्यानं काम भागणार नाही.

हे अंतर ठरवून घ्यायची गरज लायकाला लवकर कळली. १९३० साली लायकाच्या कॅमेऱ्यावर लेन्स बदलायची सोय झाली, पण प्रत्येक लेन्स तिच्या कॅमेऱ्याशी हातानं जुळवावी लागे. एकाची लेन्स दुसऱ्याला चालेलच असं नव्हतं. लवकरच लायकानं २८.८ मिलिमीटर हे अंतर पक्कं केलं आणि ३९ मिलिमीटर आट्यांचा हा माउंट इतरांनीही उचलला. त्यामुळेच १९५० साली ‘लाइफ’ मासिकाचे छायाचित्रकार डेव्हिड डग्लस डंकन कोरियाच्या युद्धात जर्मन लायकावर जपानी निक्कोर लेन्स लावून फोटो काढू शकले. जपानी भिंगांचं नाव जगभर झालं, त्यात या फोटोंचा मोठा वाटा होता.

१९५४ साली लायकानं आटे सोडून एम माउंट आणला. पण जुन्या गिऱ्हाइकांना वाऱ्यावर सोडलं नाही. नवं अंतर मुद्दाम २७.८ ठेवलं, बरोबर एक मिलिमीटर कमी. तेवढ्या जाडीचं एक कडं बसवलं की जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर चालू लागते. लेन्स गिऱ्हाइकाची आयुष्यभराची गुंतवणूक असते, हे भान त्या एका मिलिमीटरमागे होतं.

मग जमाना एसएलआर कॅमेऱ्यांचा आला. त्यात लेन्समागे आरसा असतो. लेन्समधून दिसणारं चित्र तो वर डोळ्यापर्यंत पोचवतो आणि फोटो काढताना बाजूला होतो. आरशाला हलायला जागा हवी, म्हणून हे अंतर चाळिशीच्या पुढे गेलं. निकॉननं १९५९ मध्ये एफ माउंटसाठी ४६.५ मिलिमीटर धरलं, कॅननच्या एफडी लेन्सचं ४२ होतं, मिनोल्टाचं ४३.५. पेंटॅक्सनं १९७५ मध्ये आट्यांचा माउंट बदलला, पण ४५.४६ हे अंतर तेच ठेवलं, त्यामुळे जुन्या लेन्स एका पातळ कड्यानं नव्या कॅमेऱ्यांवर बसल्या.

१९८७ साली कॅननच्या बाबतीत हे जमलं नाही. स्वयंचलित फोकसचं युग आलं होतं. कॅननला मोटर लेन्समध्येच हवी होती आणि कॅमेरा आणि लेन्स यांच्यातला सगळा निरोप विजेनं जायला हवा होता. नवा ईएफ माउंट रुंद तोंडाचा झाला, पण अंतर झालं ४४ मिलिमीटर. बेचाळीसमधून चव्वेचाळीस वजा केले तर उरतात उणे दोन. या दोन मिलिमीटरनं कॅननच्याच एफडी लेन्स कॅननच्याच नव्या कॅमेऱ्यांना परक्या झाल्या. काही टेलिफोटो लेन्ससाठी भिंग घातलेला एक अडॅप्टर निघाला, पण बाकीच्यांना वाली नव्हता. गंमत अशी, की निकॉनची ४६.५ ची लेन्स अडीच मिलिमीटरच्या कड्यानं त्याच कॅननवर आरामात बसते. शेजाऱ्याचा मुलगा घरात आला आणि आपला मात्र दाराबाहेर राहिला!

निकॉननं असं केलं नाही. १९५९ चा एफ माउंट तिनं साठ वर्षं जपला आणि त्या निष्ठेबद्दल तिचं कौतुकही झालं. ते रास्त होतं, पण गोष्ट तिथे संपत नाही.

डिजिटल युगात चित्र सेन्सरवरून थेट पडद्यावर दाखवता येऊ लागलं आणि आरशाची गरजच उरली नाही. २००८ साली पॅनासॉनिकचा जी १ आला. त्यात आरसा नव्हता, पण सेन्सर लहान होता. ५० मिलिमीटरची लेन्स त्यावर १०० सारखी दिसायची. म्हणजे कडेचं अर्धं जग कापलं जायचं. २०१३ मध्ये सोनीनं अल्फा ७ आणला, त्याचा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा, जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा, आणि अंतर अवघं १८. आता पुन्हा वजाबाकी करून बघा. एफडीचे बेचाळीस वजा अठरा, उरले चोवीस. १९८७ पासून पोरक्या झालेल्या लेन्सना चोवीस मिलिमीटरच्या पोकळ नळीनं घर मिळालं, तेही कडा न कापता. मिनोल्टा, पेंटॅक्स, निकॉन, लायका, सगळ्यांची वजाबाकी धन येऊ लागली.

२०१८ साली कॅनन आणि निकॉन, दोघांनीही फुल-फ्रेम मिररलेससाठी नवे माउंट आणले. कॅननचं अंतर २०, निकॉनचं १६. या वेळी दोघांनीही जुन्या लेन्ससाठी अडॅप्टर स्वतःच दिला. कॅननच्या ईएफ लेन्स त्यावर फोकससकट चालल्या, कारण १९८७ पासून त्यांचा सगळा कारभार विजेवर होता. अडॅप्टरला फक्त तारा पुढे न्यायच्या होत्या. निकॉनच्या लेन्समध्ये मात्र साठ वर्षांच्या तरफा आणि दांडे साठलेले. ज्या लेन्सना कॅमेऱ्यातल्या मोटरनं फिरवावं लागतं, त्यांच्यासाठी या एफटीझेड अडॅप्टरमध्ये मोटर नव्हती. त्या लेन्स बसतात, पण फोकस हातानं करावा लागतो. ज्या कंपनीनं गिऱ्हाइकाला दुखावलं, तिचा पुढचा रस्ता सोपा झाला आणि जिनं सांभाळलं, तिच्यापुढे जुन्याचं ओझं राहिलं. स्थलांतर केलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

आता तुमच्या कपाटातल्या लेन्सकडे येऊ. पुढच्या भारतवारीत ती बाहेर काढा आणि मागून टॉर्च मारून समोरून बघा. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले, तर आधी जाणकाराला दाखवा. काच स्वच्छ असेल तर माउंटचं नाव बघून तुमच्या कॅमेऱ्याचा अडॅप्टर घ्या. आत भिंग नसलेला घ्या, तो पुरतो. एफडी लेन्स असेल, तर अडॅप्टरवरचं कडं फिरवून छिद्राचं नियंत्रण चालू करायला विसरू नका. कॅमेऱ्याला लेन्स लावलेली कळणार नाही, म्हणून मेनूत ‘लेन्सशिवाय शटर’ चालू करा. कॅमेऱ्यात हादरा रोखायची सोय असेल, तर लेन्स किती मिलिमीटरची ते हातानं भरा.

फार अपेक्षाही ठेवू नका. जुन्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यांच्या वाइड लेन्स सेन्सरवर कोपऱ्यात धूसर होतात, कारण फिल्मवर काच नसते आणि सेन्सरवर असते. धावत्या नातवंडामागे हातानं फोकस करणंही सोपं नाही. पण खिडकीपाशी पेपर वाचत बसलेल्या बाबांचा फोटो काढायला बाबांचीच ५० मिलिमीटर लेन्स पुरते. चित्र मोठं करून त्यांच्या चष्म्याच्या दांडीवर फोकस लावा. ते हलणार नाहीत, तुमचा हात हलू देऊ नका.

मिक्सर मात्र इथलाच घ्या.