एका युनिटमधला ससा

ठमीला मधुमेह झाल्याचं डॉक्टरांच्या आधी मुंग्यांना कळलं. ठमी म्हणजे आमची मांजर. वय १४ वर्षं, वजन ३.८ किलो, मुक्काम कर्वेनगर, आजीच्या खोलीतली खिडकी. ती एकाएकी भांडंभर पाणी प्यायला लागली, खात असूनही पाठीचा कणा हाताला लागायला लागला, आणि एका सकाळी तिच्या वाळूच्या ट्रेकडे मुंग्यांची रांग निघालेली दिसली. आजी रांगेकडे बघून म्हणाली, "साखर आहे हिला. तपासून आण."

आजीला स्वतःला २२ वर्षं मधुमेह आहे, त्यामुळे तिचं मत डावलायची सोय नव्हती. तपासणीत साखर ४००च्या वर निघाली. पुढे वाचताना कळलं, की आजीचं निदान चांगलंच जुनं आहे. प्रमेहाची पूर्वलक्षणं सांगताना रोग्याच्या शरीराकडे आणि लघवीकडे मुंग्या येतात, अशी नोंद चरकसंहितेतही आहे.

डॉक्टरांनी ग्लार्जिन नावाचं इन्सुलिन लिहून दिलं. सकाळ-संध्याकाळ, खाऊन झाल्यावर, २ युनिट. आमच्या फ्रिजच्या दारात आजीची इन्सुलिनची बाटली आधीपासून होतीच, तिच्या शेजारी ठमीची आली. सिरिंजही दोघींच्या वेगळ्या होत्या. आजीच्या लाल टोपणाच्या, ठमीच्या नारिंगी. टोपणांचा रंग वेगळा का, हे मी तेव्हा कुणाला विचारलं नाही.

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी नारिंगी टोपणाच्या सिरिंज संपल्या. बाहेर धो धो पाऊस. मी आजीच्या खणातली लाल टोपणाची एक घेतली, मोजून दोन रेघा भरल्या आणि ठमीच्या मानेजवळची कातडी उचलून टोचली. सुई सुईच असते, असं वाटलं.

रात्री दीडच्या सुमाराला पलंगाखालून काहीतरी आपटल्याचा आवाज आला. ठमी उभी राहायचा प्रयत्न करत होती आणि मागचे पाय बाजूला घसरत होते. डोळे मोठे, नजर कुठेच नाही. मग ती आडवी पडली आणि तिला आकडी आली. मला वाटलं, विषबाधा झाली. आजी काठी टेकत आली, तिने एकदाच पाहिलं. "अगं, शुगर लो झालीय हिची. मला झालं होतं ना दिवाळीत, तस्संच. मध आण."

मी डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी सांगितलेलं अजून पाठ आहे. शुद्धीत नसलेल्या जनावराच्या तोंडात पाणी किंवा दूध ओतायचं नाही, ते श्वासनळीत जातं. आकडी चालू असताना दातांमध्ये बोट घालायचं नाही. मध किंवा साखरेचा घट्ट पाक बोटावर घेऊन ओठ आणि हिरड्यांच्या मध्ये चोळायचा. मान वर करून गिळायला लागली, की खायला द्यायचं. आणि बरी दिसली तरी दवाखान्यात आणायचंच, कारण साखर अर्ध्या तासात संपते, इन्सुलिन तेवढ्यात संपत नाही.

कानाच्या कडेला टोचून थेंब काढला. आजीच्या ग्लुकोमीटरवर आकडा आला ३१. माणसांचं यंत्र मांजराची साखर थोडी कमीच दाखवतं, पण ३१ म्हणजे ३१. मध चोळला. वीस मिनिटांनी ५४. तिने जीभ फिरवली. मग ८८, दोन चमचे खाणं पोटात गेलं. जरा श्वास सोडला, तर पाऊण तासाने पुन्हा ४७. पहाटेपर्यंत हेच. उजाडल्यावर दवाखान्यात नेलं, शिरेतून ग्लुकोज लावलं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती घरी आली.

पहाटे तीनच्या सुमाराला, दोन आकड्यांच्या मधल्या वीस मिनिटांत, मला कचऱ्याच्या डब्यात ते लाल टोपण दिसलं. मग दोन्ही सिरिंज दिव्याखाली धरून वाचल्या. लाल टोपणाच्या सिरिंजवर ४० लिहिलं होतं, नारिंगीवर १००.

हिशोब सोपा होता. आपल्याकडे कुपीत मिळणारं नेहमीचं इन्सुलिन बहुतेक वेळा १ मिलीलिटरमध्ये ४० युनिट असतं. पेनमध्ये घालायचं काडतूस आणि ग्लार्जिनसारखी नवी इन्सुलिनं १ मिलीलिटरमध्ये १०० युनिट असतात. लाल सिरिंजवरची एक रेघ म्हणजे मिलीलिटरचा चाळिसावा भाग. त्यात मी १०० वालं औषध भरलं होतं. दोन रेघांमध्ये २ नव्हे, ५ युनिट गेली होती. अडीचपट.

त्या रात्रीपासून एक प्रश्न डोक्यातून जाईना. हे 'युनिट' म्हणजे नक्की काय? ग्रॅम कळतो, मिलीलिटर कळतो. ५ युनिट म्हणजे कशाची ५?

उत्तरासाठी शंभर वर्षं मागे जावं लागतं. कर्वेनगरात राहणाऱ्याला वर्षं मोजायला एक सोपी फूटपट्टी आहे, ती म्हणजे अण्णा, महर्षी धोंडो केशव कर्वे. ते १८ एप्रिल १८५८ रोजी जन्मले आणि ९ नोव्हेंबर १९६२ रोजी, वयाच्या १०५ व्या वर्षी गेले. इन्सुलिनच्या इतिहासाचा मोठा भाग या एका आयुष्यात मावतो.

१८८९ मध्ये अण्णा ३१ वर्षांचे होते. त्या वर्षी स्ट्रासबुर्गमध्ये मिन्कोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी एका कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं आणि त्याला मधुमेह झाला. दोष कुठल्या अवयवात, ते तेव्हा स्पष्ट झालं. १८९१ मध्ये अण्णा फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला लागले, १८९६ मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९०० मध्ये तो गावाबाहेर हिंगण्याला, एका झोपडीत आणला. कॉलेजातलं गणित आटोपून ते चालत हिंगण्याला यायचे. तेच हिंगणे आज कर्वेनगर आहे. ती झोपडी अजून संस्थेच्या आवारात जपून ठेवलेली आहे.

१९२२च्या जानेवारीत अण्णा ६३ वर्षांचे होते. तिकडे कॅनडात, टोरंटोमध्ये, लिओनार्ड थॉम्प्सन नावाचा १४ वर्षांचा मुलगा मरणाच्या दारात होता. तोवर मधुमेही मुलांवर एकच उपाय होता, उपास. अन्न तोडून त्यांचं मरण थोडं पुढे ढकललं जायचं. ११ जानेवारीला त्याला बँटिंग आणि बेस्ट यांनी स्वादुपिंडापासून काढलेला अर्क टोचला. फारसा उपयोग झाला नाही. २३ जानेवारीला जेम्स कॉलिप या रसायनतज्ज्ञाने शुद्ध केलेला अर्क दिला, आणि त्याची साखर उतरली. ही गोष्ट बऱ्याच जणांनी शाळेत वाचलेली असते. शाळेच्या पुस्तकात सशांची गोष्ट मात्र नसते.

कॉलिपपुढे अडचण होती मोजणीची. प्रत्येक वेळी काढलेल्या अर्काची ताकद वेगळी. कधी मिळमिळीत, कधी जहाल. आत नेमका पदार्थ कोणता आणि किती, हे कुणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे वजन करून उपयोग नव्हता. मग तो अर्क निरोगी सशांना टोचून त्यांची साखर किती उतरते ते पाहायला लागला. साखर फार उतरली, की ससे भुकेने कासावीस व्हायचे, मग लडखडायचे, मग त्यांना आकडी यायची. ग्लुकोज टोचलं, की तोच ससा थोड्या वेळात उठून बसायचा.

हे वाचताना मी थांबले. आमच्या पलंगाखाली घडलं ते हेच, याच क्रमाने.

आणि हीच आकडी पुढे मोजमाप झाली. १९२३ मध्ये राष्ट्रसंघाच्या आरोग्य समितीने एडिंबराला तज्ज्ञांची बैठक घेतली. देशोदेशीचं इन्सुलिन एका मापाने मोजता यावं, हा हेतू. तिथे ठरलेल्या व्याख्येचा आधार होता २४ तास उपाशी ठेवलेला, २ किलो वजनाचा ससा. त्याची साखर जिथे आकडी येऊ शकते त्या पातळीपर्यंत, म्हणजे ०.०४५ टक्क्यांपर्यंत, काही तासांत उतरवायला जेवढं इन्सुलिन लागतं, त्याचा तिसरा भाग म्हणजे १ युनिट. ०.०४५ टक्के म्हणजे आपल्या ग्लुकोमीटरच्या भाषेत ४५. पुढे १९२५ मध्ये शुद्ध पावडरीचा एक नमुना प्रमाण म्हणून ठरला, १ मिलिग्रॅममध्ये ८ युनिट. नंतर रासायनिक पद्धती आल्या आणि सशांची सुटका झाली. पण युनिट तेच राहिलं.

मग मी तो हिशोब केला, जो करायला नको होता. २ किलोच्या सशाला आकडीच्या उंबरठ्यावर न्यायला ३ युनिट, म्हणजे किलोला दीड. ३.८ किलोच्या ठमीला मी दिली ५, म्हणजे किलोला सुमारे १.३. ससा वेगळा, मांजर वेगळी, तेव्हाचा अर्क आणि आजचं ग्लार्जिन वेगळं, हे सगळं मान्य. तरीही नकळत मी प्रयोगशाळेच्या मापाच्या जवळ पोचले होते.

मी इतके दिवस समजत होते, की साखर उतरणं हा इन्सुलिनचा 'दुष्परिणाम' आहे, चिठ्ठीवर बारीक अक्षरांत छापलेला. इतिहास उलटं सांगतो. औषध किती आहे हे कळलंच मुळी त्या परिणामावरून. डॉक्टर '२ युनिट' लिहितात, तेव्हा ते सशापासून किती लांब राहायचं, ते लिहीत असतात.

ही ताकद माणसांवर मुद्दामही वापरली गेली. १९३०च्या दशकात व्हिएन्नात मानफ्रेड साकेल या डॉक्टरने स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना इन्सुलिन देऊन ठरवून बेशुद्ध करायला सुरुवात केली. मग नळीतून साखर देऊन उठवायचं. ही पद्धत जगभर पसरली, त्यात रुग्ण दगावलेही, आणि पुढे ती निरुपयोगी ठरून बंद पडली. परत आणणारी साखर वेळेत पोचेल, या एका भरवशावर सगळं उभं होतं.

मग ४० आणि १०० हा घोळ कुठून आला? सुरुवातीचं इन्सुलिन पातळ असायचं, भरपूर टोचावं लागायचं. शुद्धीकरण सुधारलं तशी ४० आणि ८० युनिटची औषधं आली. वेगवेगळ्या ताकदी, वेगवेगळ्या सिरिंज, आणि त्यांतून चुका. त्या टाळायला अमेरिकेने १९७०च्या दशकात आणि ब्रिटनने १९८३ मध्ये १०० युनिट हे एकच माप आणलं. आपल्याकडे पेनं १००ची आली, पण कुपी ४०चीच राहिली. म्हणून एकाच घरात, एकाच फ्रिजच्या दारात, दोन मापं शेजारी राहतात. जनावरांसाठी खास बनवलेली काही इन्सुलिनंही ४०चीच असतात, त्यामुळे मांजर पाळणाऱ्यांनी तर दुप्पट जपायला हवं.

अण्णांच्या फूटपट्टीवर आणखी एक खूण आहे. १९५५ मध्ये, ते ९७ वर्षांचे असताना, फ्रेडरिक सँगर यांनी गाईच्या इन्सुलिनमधल्या अमिनो आम्लांचा पूर्ण क्रम लावला. त्या पद्धतीने पुढे इतर प्राण्यांचंही इन्सुलिन वाचता आलं. मांजर आणि गाय यांच्या इन्सुलिनमध्ये फरक फक्त एका अमिनो आम्लाचा. मांजर आणि माणूस यांच्यात चारांचा. आजीला हे सांगितलं, तर ती म्हणाली, "म्हणजे ठमी माझ्यापेक्षा गाईच्या जवळची. वागते मात्र वाघासारखी."

ठमीला त्यानंतर आणखी एकदा लो झालं. त्या वेळी सिरिंज बरोबर होती. ती नेहमीसारखी जेवली, मी इंजेक्शन दिलं आणि तासाभराने तिने सगळं उलटून टाकलं. पण मी घाबरले तरी गोंधळले नाही. तिची पावलं डळमळायला लागली तेव्हाच मध बोटावर होता. म्हाताऱ्या मांजरांची भूक कमी होते, मूत्रपिंडं थकतात, कालचा डोस आज जास्त ठरतो. डॉक्टरांनी डोस १ युनिटवर आणला आणि एक नियम दिला. खाल्लं नाही तर आधी फोन, मग सुई. एखाद्या वेळी साखर थोडी चढलेली परवडते.

ठमी त्या पावसाळ्यानंतर ११ महिने होती. गेली ती मूत्रपिंडांच्या आजाराने, त्याच खिडकीत. तिचं उरलेलं इन्सुलिन मी टाकून दिलं, नारिंगी टोपणाच्या सिरिंज दवाखान्यात दुसऱ्या एका मांजरासाठी देऊन आले.

आजीची बाटली फ्रिजच्या दारात आहे. त्या रात्रीनंतर मी तिच्या डब्यावर मार्करने '४०' लिहिलं होतं. आजीला आता बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून सकाळी ती बाटली माझ्यासमोर धरते आणि मी वाचून दाखवते. "बाटली चाळीस, सुई चाळीस, टोपण लाल." मग ती विचारते, "आणि मी जेवणार आहे का?" मी हो म्हटल्यावरच सुई लागते.