दोन वाटा, एक डिस्क

शाळेच्या पटावर एकाच मुलाचे नाव चुकून दोनदा लागले, तर हजेरीपासून निकालापर्यंत सारे हिशेब चुकतात. १९९०च्या दशकात मोठ्या युनिक्स संगणकांपुढे असाच प्रश्न उभा राहिला.

१९६९ साली बेल प्रयोगशाळेत सुरू झालेल्या युनिक्सच्या अनेक आवृत्त्यांत डिस्कचे नाव ती कोणत्या जोडणीवर आहे यावरून ठरे. एका डिस्कला एकच केबल असेपर्यंत हे ठीक होते. पण केबल बिघडली, की डिस्क शाबूत असूनही माहिती हाती लागत नसे. म्हणून दुसरी केबल जोडू लागले. १९९४ साली प्रमाणित झालेल्या फायबर चॅनेलमुळे ते सोपेही झाले. आता संगणकाला मात्र एका डिस्कच्या दोन डिस्क दिसू लागल्या! दोन्ही वाटांनी स्वतंत्रपणे लिहिले, तर नोंदी एकमेकींवर चढून नष्ट होणार.

यावर उपाय म्हणजे बहुमार्गी ड्रायव्हर. हा प्रोग्रॅम डिस्कला तिचा स्वतःचा ओळखक्रमांक विचारतो, दोन्ही वाटा एका नावाखाली आणतो आणि एक बंद पडल्यास दुसरीने काम चालू ठेवतो.

सुरुवातीला हे ड्रायव्हर प्रामुख्याने साठवणयंत्रांचे उत्पादक देत. नवी आवृत्ती बसवताना बहुधा संगणकाचे काम थांबवावे लागे. काम थांबू नये म्हणून आणलेल्या साधनासाठीच ही खोटी! पुढे एआयएक्स (२००२), युनिक्ससदृश लिनक्स (२००५) आणि एचपी-यूएक्स (२००७) यांनी ही सोय प्रणालीतच सामावून घेतली.

तरी एक काम आपल्याकडेच उरते. दुसरी वाट खरोखर चालते का, हे पहिली मुद्दाम बंद करूनच पाहावे लागते.