मंडईखालचें मेलबर्न

ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय भागांत यारा नदीच्या कांठीं वसलेलें मेलबर्न हें शहर वयानें लहान आहे. १८३५ सालच्या आरंभीं, म्हणजे आपल्याकडे पेशवाई बुडून सतरा वर्षें होत आलीं होतीं तेव्हां, तेथें विटेची एकही भिंत उभी नव्हती. एवढ्याशा वयाच्या शहरास इतिहास तो कितीसा असणार, असें वाटून पुष्कळ प्रवासी तेथें खाण्यापिण्यांत आणि खेळांच्या सामन्यांत दोन-तीन दिवस घालवितात. तें कांहीं वावगें नाहीं. परंतु या शहरांत खाणें, खेळ आणि इतिहास हीं शेजारीं शेजारीं नसून एकावर एक रचलेलीं आहेत, आणि खालचा थर पाहिल्यावांचून वरच्याची खरी ओळख पटत नाहीं.

१८३५ च्या जून महिन्यांत टास्मानियाहून आलेल्या जॉन बॅटमन नांवाच्या जमीनदारानें कुलिन लोकांच्या वडीलधाऱ्यांशीं करार करून सुमारें ६,००,००० एकर जमीन घेतल्याचें जाहीर केलें. मोबदला म्हणून कांबळीं, सुऱ्या, कुऱ्हाडी, आरसे आणि पीठ दिलें. गव्हर्नर बर्क यानें त्याच वर्षीं हा करार रद्द ठरविला. तो कुलिन लोक फसले म्हणून नव्हे, तर जमीन मूळचीच इंग्लंडच्या राजाची असल्यामुळें ती विकण्याचा त्यांना अधिकारच नव्हता म्हणून! हा करार झाला तेव्हां बराक नांवाचा वुरुंजेरी जमातीचा एक मुलगा तेथें हजर होता, असें त्यानेंच पुढें उतारवयांत सांगितलें. त्याची गांठ पुन्हां पडणार आहे.

१८३७ सालीं रॉबर्ट हॉडल यानें शहराची आंखणी केली. मोठे रस्ते ९९ फूट रुंद, आणि मध्यें ३३ फुटांचे लहान रस्ते. पुढें जागांचे तुकडे पडत गेले, तसे मागच्या दारीं गाड्या नेण्यासाठीं अरुंद बोळ निघाले. मैल्याच्या गाड्याही तेथूनच जात. आज त्याच बोळांत टेबलें मांडून लोक कॉफी पितात. ती कॉफी बहुतांशीं इटालियन लोकांची देणगी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर ते मोठ्या संख्येनें येथें आले, आणि बर्क स्ट्रीटवरील पेलेग्रीनी हें १९५४ पासूनचें कॉफीगृह त्या काळाची साक्ष देतें. डिग्रेव्ह्स स्ट्रीटवर न्याहारी करावी आणि होझियर लेनमधील भिंतींवरचीं रंगीत चित्रें पाहावीं. त्यांतील आजचें चित्र उद्यां असेलच असें मात्र नाहीं.

शहर पाहण्यास खरा आरंभ करावा तो क्वीन व्हिक्टोरिया मार्केट या मंडईपासून, आणि तोही सकाळीं, भुकेल्या पोटीं. ही मंडई २० मार्च १८७८ रोजीं उघडली. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटहून नऊ वर्षांनीं धाकटी. लांबच लांब छपऱ्यांखालीं भाज्या, फळें, मासळी, ऑलिव्ह, चीज, तुर्की पद्धतीचे पालक भरलेले बोरेक यांची रेलचेल असते. १९५० पासून एका गाडीवर जाम भरलेले गरम डोनट विकले जातात. त्यासाठीं रांग लावावी लागते, आणि रांगेंत उभें राहून उतावीळ झालेला मनुष्य घाईनें चावा घेऊन जीभ भाजून घेतो.

याच जागीं १८३७ पासून शहराची पहिली दफनभूमि होती. तेथें सुमारें १०,००० माणसें पुरलीं गेलीं. मंडईस जागा अपुरी पडूं लागली तशी ती दफनभूमीवर सरकत गेली, आणि १९१७ सालीं कायदा करून उरलेली जमीनही तिच्या स्वाधीन झाली. ज्यांचीं थडगीं ओळखतां आलीं अशा सुमारें ९०० जणांच्या अस्थि दुसरीकडे नेल्या. त्यांत बॅटमनही होता; त्याला १९२२ सालीं फॉकनर येथें नवी जागा मिळाली. बाकीचे सुमारें ९,००० जण अजून तेथेंच, मंडईच्या फरसबंदीखालीं आणि छपऱ्यांखालीं आहेत.

या मागें राहिलेल्यांत टनरमिनरवेट आणि मॉलबॉयहीनर हे दोघे टास्मानियाचे आदिवासी आहेत. आदिवासींचा संरक्षक असें ज्याच्या हुद्द्याचें नांव होतें, त्या जॉर्ज रॉबिन्सन यानें त्यांना १८३९ सालीं इकडे आणलें. १८४१ सालीं त्यांनीं तीन स्त्रियांसह त्याची साथ सोडली. हातीं बंदुका घेऊन त्यांनीं कांहीं काळ वसाहतवाल्यांच्या घरांवर हल्ले केले. त्यांत देवमाशांची शिकार करणारे दोन गोरे खलाशी ठार झाले. पांचही जण पकडले गेले. आदिवासींची साक्ष त्या वेळीं न्यायालयांत चालत नसे, तेव्हां आरोपींना स्वतःच्या जिवासाठीं एक शब्दही बोलतां आला नाहीं. त्यांच्या वतीनें बोलला तो रेडमंड बॅरी नांवाचा आयर्लंडहून आलेला एक तरुण वकील. या लोकांवर ब्रिटिश कायद्याचा अधिकार चालतो तरी कसा, हा प्रश्न त्यानें भर न्यायालयांत विचारला. पुरावा निव्वळ परिस्थितिजन्य आहे हेंही दाखविलें. स्त्रिया सुटल्या. दोघां पुरुषांस दोषी ठरवून ज्यूरीनें दया दाखविण्याची शिफारस केली. न्यायमूर्ति विलिस यानें ती उचलून धरली नाहीं. २० जानेवारी १८४२ रोजीं दोघांना उघड्यावर फांशी दिलें. मेलबर्नमधील ही पहिली फांशी. ती पाहण्यास सुमारें ५,००० लोक जमले होते. सगळें गांवच लोटलें म्हणावयाचें!

बॅरीचें नांव मात्र पुढें वाढतच गेलें. १८५१ सालीं व्हिक्टोरियांत सोनें सांपडलें, आणि दहा वर्षांत या वसाहतीची लोकसंख्या ७७,००० वरून ५,४०,००० च्या घरांत गेली. त्या पैशांतून जें उभें राहिलें त्यांतील सर्वांत चांगलें तें बॅरीनें उभें केलें, असें म्हटल्यास चूक होणार नाहीं. स्वॉन्स्टन स्ट्रीटवरील सार्वजनिक ग्रंथालय १८५६ सालीं उघडलें, तें मुख्यतः त्याच्याच खटपटीनें. पहिलीं पुस्तकें त्यानें स्वतः निवडलीं. प्रवेशाची अट एवढीच कीं, येणाऱ्याचें वय चवदा वर्षांहून अधिक असावें आणि त्याचे हात स्वच्छ असावेत. वर्गणी नाहीं, शिफारसपत्र नाहीं. ज्या काळांत ग्रंथालयें ही बड्या लोकांची मिरास होती त्या काळांतली ही गोष्ट आहे. १९१३ सालीं तेथें घुमटाखालचें अष्टकोनी वाचनदालन बांधलें गेलें. वरच्या सज्ज्यांतून खालीं पाहिलें म्हणजे मध्यापासून आऱ्यांसारखीं पसरलेलीं टेबलें आणि त्यांवर मान खालीं घालून वाचणारीं माणसें दिसतात. मेलबर्नमध्यें एकच इमारत पाहण्याइतका वेळ असेल, तर हीच पाहावी.

त्याच ग्रंथालयांत नेड केली या दरोडेखोराचें चिलखत ठेवलेलें आहे. नांगराचे लोखंडी पत्रे ठोकून तें बनविलेलें आहे. १८८० सालीं ग्लेनरोवन येथें पोलिसांशीं लढतांना त्यानें तें अंगावर घातलें होतें. पाय तेवढे उघडे राहिले आणि तेथेंच गोळ्या लागल्या. त्याला फांशीची शिक्षा सांगणारा न्यायाधीश होता सर रेडमंड बॅरी. जेथें मी जातों तेथें तुझीही भेट होईल, अशा अर्थाचे शब्द केलीनें त्याला ऐकविले, असें सांगतात. ११ नोव्हेंबरला केली फांशी गेला, आणि त्यानंतर बाराव्या दिवशीं बॅरी वारला. योगायोगावर लोकांनीं कथा रचल्या त्यांत नवल नाहीं. परंतु ज्यानें ३८ वर्षांपूर्वीं दोन निराधारांना फांशीपासून वाचविण्यासाठीं जिवाचें रान केलें, त्याच मनुष्याच्या तोंडून ही शिक्षा निघाली, ही गोष्ट त्या कथांपेक्षां विचार करावयास लावणारी आहे. बॅरीचा पुतळा ग्रंथालयासमोर आहे. केली जेथें फांशी गेला तो जुना तुरुंग मागच्या बाजूस, थोड्याच अंतरावर. तो आतां संग्रहालय झाला आहे. त्याच्या जवळच, व्हिक्टोरिया आणि फ्रँकलिन या रस्त्यांच्या कोपऱ्यावर, टनरमिनरवेट व मॉलबॉयहीनर यांचें स्मारक आहे: झोपाळ्याची आठवण करून देणारी एक चौकट आणि तिच्याजवळ वृत्तपत्रें ठेवण्याच्या रंगीत पेट्या. तें उभारलें गेलें २०१६ सालीं. केलीच्या तुरुंगाकडे जाणारे बहुतेक प्रवासी त्याच्या बाजूनें निघून जातात.

संध्याकाळच्या जेवणास लिटल बर्क स्ट्रीटवरील चिनी वस्तींत जावें. सोन्यासाठीं आलेल्या चिन्यांनीं १८५० नंतरच्या दशकांत ती वसविली. १८५५ च्या कायद्यानें व्हिक्टोरियाच्या बंदरांत उतरणाऱ्या प्रत्येक चिन्यावर दहा पौंडांचा कर बसविला. तेव्हां तो चुकविण्यासाठीं हजारों चिनी शेजारच्या वसाहतींत रोब या बंदरावर उतरले आणि शेंकडों मैल पायीं चालत खाणींवर पोंचले. येथें मिळणारा डिम सिम हा पदार्थ चीनमधला नव्हे, मेलबर्नचाच. १९४० नंतरच्या दशकांत येथील एका चिनी व्यावसायिकानें तो प्रचारांत आणला. जाड पारीचा, कोबी आणि मांस भरलेला, उकडलेला किंवा तळलेला. उकडीच्या मोदकाचा हा दांडगट भाऊ शाकाहारी मंडळींनीं दुरूनच पाहावा. १९०१ सालीं येथील प्रदर्शनगृहाच्या भव्य घुमटाखालीं ऑस्ट्रेलियाची पहिली संसद भरली, आणि तिनें त्याच वर्षीं गौरेतरांस देशांत येण्यास बंदी करणारा कायदा केला. भारतीयही त्यांतून सुटले नाहींत. ते धोरण पुरतें संपण्यास १९७३ साल उजाडलें.

शेवटचा दिवस क्रिकेटच्या मैदानासाठीं राखावा. १८७७ सालीं पहिला कसोटी सामना झाला तो येथेंच. त्याच्याही आधीं, १८६६ च्या नाताळच्या दुसऱ्या दिवशीं, या मैदानावर आदिवासींचा एक संघ खेळला. त्यांतील उनारिमिन, म्हणजेच जॉनी मुलाघ, १८६८ सालीं संघासह इंग्लंडला गेला. त्या दौऱ्यांतील ४७ सामन्यांपैकीं ४५ त खेळून त्यानें १,६९८ धावा काढल्या आणि २४५ बळी घेतले. त्या दौऱ्यानंतर दुसऱ्याच वर्षीं व्हिक्टोरियानें कायदा करून आदिवासींनीं कोठें राहावें हें ठरविण्याचा अधिकार सरकारकडे घेतला. मुलाघ व्हिक्टोरियाकडून एकच मोठा सामना खेळला.

२०२० च्या डिसेंबरांत अॅडलेडला अवघ्या ३६ धावांत बाद झालेला भारतीय संघ मेलबर्नला आला. संगमनेर तालुक्यांत जन्मलेल्या अजिंक्य रहाणे यानें नेतृत्व करीत ११२ धावा काढल्या आणि सामना जिंकून दिला. त्या वर्षापासून या सामन्यांतील सर्वोत्तम खेळाडूस मुलाघच्या नांवाचें पदक मिळूं लागलें. पहिलें रहाणेच्या गळ्यांत पडलें. १८६८ च्या संघाच्या कमरपट्ट्याच्या बकलावरून तें घडविलेलें आहे.

मैदानांतून शहराकडे परततांना आगगाडीच्या रुळांवरून जाणारा पादचारी पूल लागतो. त्याला विल्यम बराक याचें नांव दिलें आहे. करार पाहिलेला तो मुलगा पुढें आपल्या लोकांचा पुढारी झाला, त्यांच्या जमिनीसाठीं सरकारदरबारीं अर्ज-विनंत्या करीत राहिला आणि १९०३ सालीं वारला. पूल उतरलें कीं नदीकांठचें उद्यान सुरू होतें. त्याचें नांव बिररंग मार; यारा नदीला वुरुंजेरी लोक बिररंगच म्हणतात.