चाकावरच्या माणसाचे दुखणे

स्वित्झर्लंड आणि इटली यांच्यामध्ये, आल्प्स पर्वताच्या रांगेत, ग्रेट सेंट बर्नार्ड नावाची एक खिंड आहे. तिची उंची २४६९ मीटर. आपले कळसूबाईचे शिखर १६४६ मीटर. म्हणजे ही खिंड नेमकी त्याच्या दीडपट. वर्षातले कित्येक महिने ती बर्फाखाली असते. अकराव्या शतकात या खिंडीत ख्रिस्ती साधूंनी एक धर्मशाळा बांधली. वाटसरू आला की त्याला शेकोटीजवळ बसवायचे, गरम काहीतरी प्यायला द्यायचे, हातपाय बधिर झाले असतील तर चोळून द्यायचे. तो कोणाचा, कुठला, खिशात काय आहे, हे विचारायचे नाही. बर्फात गाडले गेलेले प्रवासी हुडकून काढणारी तिथली कुत्री पुढे जगप्रसिद्ध झाली. त्यांतला बॅरी नावाचा कुत्रा १८१४ मध्ये मेला. त्याचे पेंढा भरलेले शरीर बर्नच्या संग्रहालयात आजही मुले डोळे विस्फारून पाहतात. (त्याच्या गळ्यातले दारूचे छोटे पिंप मात्र चित्रकारांचे. खऱ्या बॅरीला त्याची खबर नव्हती.)

१९६४ मध्ये याच खिंडीच्या पोटातून मोटारींसाठी बोगदा निघाला. आज मालाने भरलेल्या ट्रकचा ड्रायव्हर धर्मशाळेच्या खालून काही मिनिटांत एका देशातून दुसऱ्या देशात जातो. आता समजा, बोगद्यातून बाहेर पडल्यावर त्याच्या पोटात कळ आली. भाषा परकी, गाव परके, घर हजार मैलांवर. त्याला कोणी तपासायचे आणि पैसे कोणी द्यायचे? प्रश्न दिसतो साधा. पण युरोपातली शहाणी माणसे पाऊणशे वर्षे त्याच्याशी झटापट करीत आहेत, आणि ती झटापट अजून संपलेली नाही.

याचे मूळ एका चांगल्याच गोष्टीत आहे. १८८३ साली जर्मनीत बिस्मार्कने कामगारांच्या आजारविम्याचा कायदा केला. बिस्मार्क काही संतमहंत नव्हता. समाजवाद्यांच्या मागे जाणारा कामगार सरकारच्या बाजूला वळवावा हा त्याचा डाव होता. पण डावातून निघाले ते मोलाचे निघाले. वर्गणीचे दोन हिस्से कामगाराने भरायचे, एक हिस्सा मालकाने. आणि कामगार अंथरुणाला खिळला तर तेरा आठवड्यांपर्यंत औषधपाणी आणि अर्धा पगार. आता डॉक्टर ही कोणाची मेहेरबानी राहिली नाही. वर्गणी भरणाऱ्याचा तो हक्क झाला. हळूहळू इतर देशांनीही आपापल्या परीने असे कायदे केले. मात्र कायदा हा राज्याचा, आणि राज्याला वेस असते. साधूंच्या दयेला सरहद्द नव्हती. हक्काला ती आली. आपल्या देशात वर्गणी भरणारा माणूस वेस ओलांडताच पुन्हा दयेच्या दारात उभा राहिला.

एकाच गावी जाऊन राहणाऱ्या कामगारांचा प्रश्न त्या मानाने सोपा होता. १९०४ मध्ये फ्रान्स आणि इटली यांनी एकमेकांच्या कामगारांबद्दल करार केला आणि पुढे असे दोन-दोन देशांचे करार होत गेले. पण जो एका जागी राहतच नाही, ज्याचे काम म्हणजेच सरहद्द ओलांडणे, त्याचे काय?

हा पेच पहिल्याने पाण्यावर पडला, रस्त्यावर नव्हे. राइन नदी स्वित्झर्लंडातून निघून फ्रान्स आणि जर्मनीच्या कडेने नेदरलँड्सकडे जाते. तिच्यावर मालाच्या नावा चालवणारा नावाडी आठवड्यात चार राज्यांचे पाणी पितो. १८१५ च्या व्हिएन्ना परिषदेपासून या नदीच्या वाहतुकीसाठी एक आंतरराष्ट्रीय आयोग आहे; नावांचे, टोलांचे, बंदरांचे नियम त्याने केव्हाच केले होते. नावाड्याच्या दुखण्याची पाळी आली ती १९५० साली. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या मदतीने राइनकाठच्या देशांनी २७ जुलै १९५० रोजी पॅरिसमध्ये करार केला. त्याचे सूत्र असे, की नावाडी कितीही देश ओलांडो, एका वेळी त्याला कायदा एकाच देशाचा. प्रत्येक देशात थोडी थोडी वर्गणी कापली गेली असती तर ‘एक ना धड भाराभर चिंध्या’ अशी त्याच्या विम्याची गत झाली असती.

रस्त्यावर मात्र आधी विचार झाला तो मालाचा. महायुद्धानंतर ट्रक वाढले आणि प्रत्येक सरहद्दीवर जकातवाल्यांपुढे रांगा लागू लागल्या. मुलुंड-दहिसरच्या नाक्यांवर १ जुलै २०१७ पूर्वी खोळंबलेली वाहने ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना ही रांग समजावून सांगायला नको. त्यावर तोड म्हणून १९४९ मध्ये काही युरोपीय देशांनी एक योजना काढली आणि १९५९ मध्ये तिचा रीतसर आंतरराष्ट्रीय करार झाला. निघण्याच्या गावी माल तपासायचा, ट्रकला सील ठोकायचे, सोबत एक पुस्तिका द्यायची. मधल्या देशांनी फक्त सील शाबूत आहे ना एवढे पाहायचे. ट्रकवर ‘टीआयआर’ अशी निळी पाटी दिसली की गाडी पुढे. (भारतही २०१७ मध्ये या करारात सामील झाला.) लोणच्याच्या बरण्यांना असा अभय-परवाना मिळाला तेव्हा त्या नेणाऱ्या माणसाला तो नव्हता. त्याची पाळी आली ९ जुलै १९५६ रोजी. त्या दिवशी जिनिव्हात आंतरराष्ट्रीय वाहतुकीतल्या कामगारांच्या सामाजिक सुरक्षेचा युरोपीय करार झाला. कामावर असताना परमुलखात आजारी पडलेल्या माणसाला ताबडतोब उपचारांची गरज असेल, तर तिथल्या विमा-संस्थेने ते पुरवावेत, असा त्याचा आशय. पुढे रोमच्या तहाने सहा देशांचा समाईक बाजार निघाला. त्या बाजाराचा नियम क्रमांक एक होता भाषांविषयी, आणि नियम क्रमांक तीन होता परदेशी कामगारांच्या सामाजिक सुरक्षेविषयी. तो १ जानेवारी १९५९ पासून अमलात आला. इतक्या लवकर या विषयाला हात घातला गेला याचे कारण दयाबुद्धी नव्हे. कामगार सरहद्द ओलांडायला कचरला असता तर बाजार चाललाच नसता. फिरत्या वाहतूक-कामगारांबद्दल त्यात म्हटले होते, की ज्या देशात कंपनीची कचेरी, त्या देशाचा कायदा.

आणि मग आला तो कागद. १९७२ पासून जुन्या नियमांच्या जागी नवे नियम आले आणि त्यांच्याबरोबर ‘ई’ अक्षराच्या फॉर्मांची एक पलटणच आली. सहलीला जाणाऱ्यासाठी ई-१११. आंतरराष्ट्रीय वाहतुकीत काम करणाऱ्यासाठी खास वेगळा, ई-११०. या दुसऱ्या फॉर्मबद्दल मला कौतुक वाटते, कारण तो लिहिणाऱ्याने ड्रायव्हरचे आयुष्य पाहिलेले असावे. सहलीला जाणारा माणूस निघण्यापूर्वी विम्याच्या कचेरीत जाऊन फॉर्म आणू शकतो. ड्रायव्हरला सोमवारी सकाळी कळते की मंगळवारी रात्री तो कोणत्या देशात असेल. म्हणून त्याचा फॉर्म विम्याच्या कचेरीने नव्हे, तर त्याच्या मालकाने भरून द्यायचा. त्यावर नोकरी केव्हा सुरू झाली ती तारीख आणि विमा-संस्थेचे नाव-पत्ता. परदेशातल्या दवाखान्यात तो दाखवला की हा माणूस हक्कदार आहे असे गृहीतच धरायचे. ‘बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर’ असा हेका धरायचा नाही. सोबत बायकोमुले असतील तर त्यांनाही उपचार. अट एकच: मालकाची सही चालू महिन्यातली किंवा मागच्या दोन महिन्यांतली हवी.

या अटीतच सारी मेख होती. मालक नीट असेल तर दर तिमाहीला ताजा फॉर्म गाडीच्या खणात. मालक ढिसाळ असेल, किंवा त्याने मुद्दामच सही लांबवली, तर खणात चार महिन्यांपूर्वीचा चुरगळलेला कागद, आणि ड्रायव्हर पोट दाबून पुढच्या गावाकडे. आजाऱ्याचा हक्क मालकाच्या दौतीत बुडालेला.

१ जून २००४ पासून हे फॉर्म जाऊन त्यांच्या जागी खिशात मावणारे निळे कार्ड येऊ लागले. पर्यटक, विद्यार्थी, ड्रायव्हर, सगळ्यांना एकच. आता मालकाच्या सहीची गरज राहिली नाही, ही मोठी सुधारणा. तरी या कार्डाने काय मिळत नाही तेही सांगायला हवे. त्या देशाच्या नागरिकाला सरकारी व्यवस्थेत जे मिळते तेच, त्याच अटींवर मिळते. फ्रान्समध्ये डॉक्टरचे पैसे आधी स्वतः भरावे लागतात, मग काही भाग परत येतो. खासगी इस्पितळ त्यात नाही. आणि पाय मोडून पडलेल्या माणसाला घरी पोचवण्याचा खर्चही नाही. हजार मैलांचे ते भाडे कार्ड देत नाही.

पण मुख्य प्रश्न कार्डाच्या मागे उभा होता. कार्ड देतो तो देश. मग हा ड्रायव्हर कोणत्या देशाचा? ‘जिथे कंपनीची कचेरी तिथला’ हे उत्तर सरळ होते तोवर, जोवर कचेरी खरी होती. सामाजिक विम्याची वर्गणी काही देशांत जबर, काहींत माफक. २००४ मध्ये दहा नवे देश युरोपीय संघात आले आणि हा फरक फार मोठा झाला. मग स्वस्त देशात एक खोली भाड्याने घ्यायची, दारावर पाटी लावायची, आणि ड्रायव्हर त्या पाटीच्या नोकरीत दाखवायचे, ही युक्ती कोणाला सुचली नसती तरच नवल. यावर उपाय म्हणून १ मे २०१० पासून नियम बदलला. ड्रायव्हर जिथे राहतो तिथे त्याच्या कामाचा निदान चौथा हिस्सा होत असेल तर त्याला त्या देशाचा कायदा. नसेल तर मालकाच्या कचेरीच्या देशाचा. म्हणजे दूरच्या रस्त्यांवरच फिरणाऱ्यासाठी प्रश्न पुन्हा मालकाकडेच आला.

नेदरलँड्समधल्या काही ड्रायव्हरांचे उदाहरण पाहा. राहणार नेदरलँड्समध्ये, ट्रक तिथल्याच वाहतूक कंपन्यांचे, हुकूम त्यांचेच. नोकरीचा करार मात्र सायप्रसमधल्या एका कंपनीशी. सायप्रस हे भूमध्य समुद्रातले बेट. तिथून नेदरलँड्सला ट्रकने येणारा रस्ताच देवाने केलेला नाही. तरीही या माणसांना सायप्रसचा विमा लागू व्हावा असा कंपनीचा दावा. हे नुसते वर्गणीचे भांडण नव्हते. नेदरलँड्सच्या कायद्याप्रमाणे आजारी कामगाराला मालकाने दोन वर्षांपर्यंत किमान सत्तर टक्के पगार द्यावा लागतो. घरातला कर्ता माणूस पाठीच्या दुखण्याने वर्षभर पडून राहिला तर त्या घरात चूल कशी पेटायची, हे या एका उत्तरावर ठरणार होते. लक्झेंबर्ग येथील युरोपीय न्यायालयाने १६ जुलै २०२० रोजी निवाडा दिला: करारावर नाव कोणाचे हे पाहू नका, हुकमत कोणाची, पगाराचा भार अखेर कोणावर आणि कामावरून काढण्याचा अधिकार प्रत्यक्षात कोणाचा ते पाहा. तो खरा मालक. आपल्याकडचा गावपाटील झाडाखाली बसून हेच म्हणाला असता. न्यायालयाला त्यासाठी महापीठ बसवावे लागले.

त्याच वर्षी डिसेंबरात या माणसांची आणखी एक परीक्षा झाली. कोरोनाच्या नव्या लाटेमुळे फ्रान्सने इंग्लंडकडून येणारी वाट बंद केली, आणि ऐन नाताळाच्या तोंडावर केंट परगण्यात हजारो ट्रक अडकले. रस्त्यावर, मॅन्स्टनच्या जुन्या विमानतळावर, जिकडे पाहावे तिकडे ट्रक. निळे कार्ड कित्येकांच्या खिशात असेल. पण त्याने ना भाकरी मिळत होती ना शौचकूप. तेव्हा ग्रेव्हसेंडच्या गुरुद्वाऱ्यात शीख मंडळींनी कढया चढवल्या आणि खालसा एडच्या स्वयंसेवकांनी गरम जेवण या ड्रायव्हरांपर्यंत पोचवले.

आता तर गाडी चालवणारा माणूसच दुरून येऊ लागला आहे. युरोपातल्या आंतरराष्ट्रीय मालवाहतुकीत पोलंडच्या कंपन्या आघाडीवर आहेत आणि त्यांना घरचे ड्रायव्हर पुरत नाहीत. २०२३ च्या मार्च-एप्रिलमध्ये जर्मनीतील ग्रेफेनहाउझेन येथे महामार्गाच्या थांब्यावर जॉर्जिया, उझबेकिस्तान अशा देशांतल्या ड्रायव्हरांनी ट्रक उभे करून संप केला. मालक पोलंडचा, रस्ता जर्मनीचा, घरे कॉकेशस पर्वतापलीकडे. पगार थकला होता. तो मिळवूनच ते उठले. त्याच थांब्यावर त्या वर्षी दुसरा संप झाला तो सप्टेंबर अखेरपर्यंत चालला आणि त्यात काहींनी उपोषणही केले. युरोपीय संघात कायदेशीर राहणाऱ्या परकीयांनाही हे विम्याचे नियम लागू आहेत. पण ज्याचा पगारच मालक बुडवतो, त्याच्या नावाची वर्गणी तो वेळेवर भरत असेल याची खात्री त्या माणसाला कोणी द्यावी? मालकाच्या दौतीतून सुटलेला हक्क इथे मालकाच्या तिजोरीत जाऊन अडकतो.

एवढे सारे सुरळीत झाले, देश ठरला, वर्गणी भरली, कार्ड खिशात आले, तरी एक अडचण उरतेच, आणि ती कोणत्याही नियमावलीत सापडत नाही. चाळीस टनांचा ट्रक डॉक्टरच्या दारात उभा करता येत नाही. गावातल्या गल्लीत तो शिरत नाही. महामार्गाच्या कडेला सोडून जावे तर माल चोरीला जातो. शिवाय गाडीतले यंत्र मिनिटामिनिटाची नोंद करीत असते: साडेचार तास चालवले की पाऊण तास विश्रांती, दिवसाला साधारण नऊ तास. दुपारी दोनच्या आत माल उतरवायचा असेल तर ताप अंगावरच काढला जातो. जर्मनीतल्या एका निवृत्त महामार्ग पोलिसाने नोकरीत असताना हे वर्षानुवर्षे पाहिले होते. २००७ मध्ये त्याच्या पुढाकाराने ‘डॉकस्टॉप’ नावाची संस्था निघाली. तिने काय केले? महामार्गाला लागून असलेले दवाखाने आणि इस्पितळे शोधली, ज्यांच्या जवळ ट्रक उभा करायला जागा आहे किंवा जिथे थांब्यावरून ड्रायव्हरला नेण्याची सोय होऊ शकते. आणि तिथल्या डॉक्टरांना विनंती केली, की हा माणूस आला तर त्याला रांगेत ताटकळत ठेवू नका, त्याच्या विश्रांतीच्या पाऊण तासात त्याला तपासून मोकळे करा.