परमुलखातला टाका

शिवणटिपण, भरतकाम, विणकाम यांना आपल्याकडे ‘फावल्या वेळचा उद्योग’ म्हणण्याची रीत आहे. इतिहासाच्या पुस्तकात तलवारीला जागा असते, तराजूला असते, सुईला नसते. घर सोडून दूरदेशी गेलेल्या, किंवा नेल्या गेलेल्या, माणसांच्या सुईकामाविषयी मी बरीच वर्षे मिळेल ते वाचत आले आहे. त्या वाचनातून माझे एक मत बनले आहे. परमुलखात माणूस हाती सुई धरतो तेव्हा ती हौस असतेच. पण त्या हौशीतून तो ‘मी इथे आहे’ एवढे तरी नोंदवून ठेवत असतो. ही नोंद पुढच्यांना वाचता येते की नाही, हे मात्र एका साध्या गोष्टीवर ठरते. तिच्याकडे शेवटी येऊ.

आरंभ एका राणीपासून करते. स्पेनची राजकन्या कॅथरिन १५०१ साली इंग्लंडला सासरी आली. पहिला नवरा वर्षाच्या आत वारला, आणि १५०९ मध्ये ती आठव्या हेन्रीची राणी झाली. पांढऱ्या कापडावर काळ्या रेशमाने केलेल्या भरतकामाला इंग्लंडात ‘स्पॅनिश काम’ म्हणत. ते तिनेच आणले अशी समजूत आहे. तसे काम तिच्या आधीही तिथे होत होते, परंतु तिच्या काळात ते चांगलेच फोफावले. या कामातला मुख्य टाका म्हणजे दुहेरी धावदोरा. जाताना एक घर भरायचे, एक सोडायचे. परतताना सुटलेली घरे भरायची. उलटसुलट दोन्ही बाजू सारख्याच दिसतात. कॉलर आणि बाह्यांच्या कडा उलटल्या तरी नक्षी बिघडत नाही, म्हणून त्या कडांसाठी तो सोयीचा. चित्रकार होल्बाइनने रंगवलेल्या तसबिरींत हे काम इतके ठसठशीत दिसते, की टाक्याला पुढे त्याचेच नाव पडले. आमच्याकडच्या वाचकांनी घरातली जुनी इरकल काढून तिच्या पदरावरची कशुती पाहावी. तिच्यातली ‘गवंती’ म्हणजे हाच टाका. धारवाडच्या आणि लंडनच्या बायकांनी एकमेकींना न विचारता तीच युक्ती शोधावी, याचे मला नेहमी नवल वाटते.

कॅथरिनचे पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. राजाने तिला सोडण्याचा घाट घातला. त्या प्रकरणी दोन कार्डिनल तिला भेटायला आले, तेव्हा ती गळ्यात पांढऱ्या दोऱ्याची लड अडकवूनच बाहेर आली, असे कार्डिनल वुल्झीच्या पदरी असलेल्या कॅव्हेंडिशने लिहून ठेवले आहे. तंटा पेटल्यावरही राजाच्या सदऱ्यांचे काम तिच्याकडेच होते, आणि त्यावरून अ‍ॅन बोलीन संतापली, अशी नोंद १५३० च्या सुमाराच्या एका राजदूताच्या पत्रात सापडते. परक्या देशात बायकोपणाचा दावा सांगायला तिच्यापाशी उरलेल्या गोष्टींत सुईदोराही होता.

राणीची लड निदान बखरीत आली. ज्यांची बखर कुणी लिहिली नाही, अशा बायकांकडे आता वळू.

५ एप्रिल १८४१ रोजी ‘राजा’ नावाचे जहाज इंग्लंडातल्या वुलिच बंदरातून निघाले. जहाजावर जन्मठेपेच्या आणि हद्दपारीच्या शिक्षा झालेल्या १८० स्त्रिया होत्या. त्यांना आजच्या टास्मानियाला नेत होते. एलिझाबेथ फ्राय या सुधारक बाईंच्या संस्थेने अशा कैदी बायकांना प्रवासासाठी शिवणाचे सामान देण्याची प्रथा पाडली होती. प्रत्येकीला शंभर सुया, अंगुस्तान, कात्री, टाचण्या, रंगीत दोऱ्याच्या लडी आणि दोन पौंड कापडाचे तुकडे मिळत. तीन-साडेतीन महिन्यांच्या त्या सफरीत, हलत्या जहाजावर, या बायकांनी एक मोठी गोधडी शिवली. लांबी-रुंदी सव्वातीन मीटरांहून थोडी अधिक, आणि तुकडे २,८१५! मधोमध चिटाच्या कापडातून कातरलेली फुले आणि पाखरे टाचली आहेत. चीट हा आपलाच शब्द, आणि मुळात मालही आपलाच. कोरोमंडलच्या किनाऱ्यावरून तो सतराव्या शतकात युरोपात गेला, आणि नंतर तिकडच्या गिरण्याही तसा छापू लागल्या.

१९ जुलैला जहाज होबार्टला लागले. गोधडीच्या काठावर रेशमाने भरलेला मजकूर आहे. संस्थेच्या बाईसाहेबांचे उपकार आम्ही विसरलो नाही, उद्योगी राहण्याचा त्यांचा उपदेश आम्ही वाया जाऊ दिला नाही, असा त्याचा आशय. खाली जून १८४१. पुढे दीडशे वर्षे तिचा फारसा थांग नव्हता. ती स्कॉटलंडमधल्या एका घराच्या माळ्यावर सापडली, आणि १९८९ पासून कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात आहे. कापड इतके नाजूक झाले आहे की ती क्वचितच बाहेर काढतात.

हा मजकूर मी पुन्हा पुन्हा वाचला. जहाजाचे नाव आहे, महिना आहे, वर्ष आहे, उपकारकर्त्यांचा मान आहे. शिवणाऱ्या बायकांपैकी एकीचेही नाव नाही! काही तुकड्यांचे टाके बारीक आणि सरळ, काहींचे ओबडधोबड. हात अनेक होते हे कळते. कुणाचे, ते कळत नाही.

पुरुषांनी सुई धरली नाही असे मात्र कुणी समजू नये. व्हिक्टोरियाच्या काळात इंग्रजी पलटणींतले शिपाई गणवेशाच्या जाड लोकरी कापडाचे तुकडे जोडून चादरी करीत. दारूपासून दूर राहावे म्हणून त्यांना त्याचे उत्तेजन मिळे. फ्रान्सिस ब्रेली या साध्या शिपायाने १८६४ ते १८७७ या हिंदुस्थानातल्या नोकरीच्या काळात केलेली अशी एक चादर लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. करणाऱ्याचे नाव टिकले, म्हणून आज तो माणूस म्हणून आपल्यासमोर उभा राहतो.

नावाची खरी किंमत कळते ती सिंगापुरात. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर जपान्यांच्या हाती पडले. तिथल्या युरोपीय मुलकी लोकांना चांगीच्या तुरुंगात कोंडले. पुरुष एकीकडे, बायकामुले दुसरीकडे. नवरा जिवंत आहे की नाही हे बाईला माहीत नाही, बाईचे नवऱ्याला. निरोप पाठवायला मनाई. तेव्हा एथेल मल्व्हनी या कॅनेडियन बाईंनी एक शक्कल काढली. जखमी सैनिकांसाठी गोधड्या शिवून इस्पितळात पाठवू, असे ठरले. प्रत्येकीला सहा इंची पांढरा चौकोन मिळाला आणि सांगण्यात आले, की त्यावर स्वतःचे काहीतरी भरा. कुणी फुले भरली, कुणी मायदेशाची खूण, कुणी तुरुंगाची कोठडीच. आणि बहुतेकींनी आपापले नाव. सहासष्ट-सहासष्ट चौकोनांच्या तीन गोधड्या झाल्या. एक इंग्रज जखमींसाठी, एक ऑस्ट्रेलियन, आणि तिसरी जपानी जखमींसाठी! या तिसरीमुळे उरलेल्या दोघींची वाट मोकळी झाली, असे मानतात. गोधड्या लष्करी इस्पितळात पोचल्या, आणि पांघरुणावरची नावे वाचून कैदेतल्या पुरुषांना आपली माणसे जिवंत असल्याचे कळले. पहाऱ्यातून जे पत्र गेले नसते, ते असे उघड्यावर गेले. इंग्रजांची गोधडी आज लंडनला ब्रिटिश रेडक्रॉसकडे आहे. दुसऱ्या दोन्ही कॅनबेराच्या युद्धस्मारकात आहेत.

या सगळ्या दूरदेशच्या गोष्टी झाल्या. पण परमुलखातली सुई पाहायला आपल्याला बोटीवर चढायला नको. बेळगावहून हल्याळ, यल्लापूर, मुंडगोडकडे गेले की सिद्दी वस्त्या लागतात. यांच्या पूर्वजांपैकी अनेकांना पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यात आणले. कितीएक तिथून निसटून घाटाच्या रानात शिरले. आज त्यांच्या बोलण्यात कोकणी आहे, कानडी आहे, मराठीही आहे. त्यांच्या बायका जुनेराची गोधडी, म्हणजे कौदी, शिवतात. तुकडे लावत त्या एका कोपऱ्यापासून कडेकडेने फिरत मध्यापर्यंत जातात, आणि सबंध कौदीभर धावदोऱ्याच्या ओळी उमटतात. ख्रिस्ती घरात क्रूस दिसतो, मुसलमान घरात चंद्रकोर. चारही कोपऱ्यांवर कापडाच्या त्रिकोणी घड्यांचे ‘फूल’ हवेच. त्यावाचून कौदी उघडी राहिली असे त्या मानतात. अमेरिकन कला-इतिहासकार हेन्री ड्रेवाल यांच्या अभ्यासामुळे या कौद्या अलीकडे परदेशातही पोचल्या आहेत. तोवर, शेजारी राहूनही, आपल्यापैकी कितीजणांनी त्या पाहिल्या होत्या?

आणि आपल्या स्वतःच्या घरांचे काय? या भागात धारवाड-गदगकडची मुलगी मराठी घरात येते, कोल्हापूर-निपाणीची कानडी घरात जाते. माहेरची भाषा ओठांवर कमी होत जाते. हातातला टाका मात्र तसाच राहतो. कशुतीचा पदर, वाकळ, बाळाची दुपटी, तोरणे यांतून दोन भाषांच्या घरांचा इतिहास आपल्या ट्रंकांत पडून आहे. त्यावर नाव नाही. आजी गेली, की ‘ही कुणी शिवली?’ या प्रश्नाला उत्तर देणारे कुणी उरत नाही, आणि मग ती गोधडी बोहारणीकडे जाते नाहीतर मोटार पुसायला.

‘राजा’ जहाजावरच्या बायकांना कदाचित नाव घालण्याची मुभा नसेल. आपल्याला ती आहे. या दिवाळीत ट्रंक आवरायला काढाल, तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्या बाईला जवळ बसवा. कुणी, कुठल्या गावी, कुणाच्या जन्माच्या वेळी हे शिवले ते विचारा, आणि अस्तराच्या एका कोपऱ्यावर चार शब्द भरून टाका. अक्षरे देवनागरी असोत की कानडी. साध्या धावदोऱ्याने दोन्ही लिहिता येतात.